सीआरपी ६.८ आलाय. आई हळद देते, मावशी पुडी देते. काय करू?

पोहेजिलेबी (इंदूर)

नमस्कार मंडळी. वय ४९, राहणार सुदामा नगर, नोकरी विम्याच्या ऑफिसात, म्हणजे दिवसभर खुर्ची. ऑफिसने दरवर्षीसारखं चेकअप करवलं आणि या वेळी रिपोर्टात एक नवीन ओळ निघाली: एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची रक्ततपासणी, ६.८, पुढे वर तोंड केलेला लाल बाण. ईएसआर, ही दाहाचीच दुसरी तपासणी, ३४, तोही लाल. उपाशीपोटी साखर १०८. डॉक्टरांनी कागदावर मिनिटभर नजर फिरवली, "बॉडी में इन्फ्लमेशन चल रहा है, वज़न कम कीजिए, तीन महीने बाद देखेंगे," म्हणाले आणि घंटी वाजवली. कुठे सूज आहे हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट माझ्या खुर्चीत बसायच्या बेतात होता.

मला तर कुठे काही सुजलेलं दिसत नाही. जिना उतरताना उजवा गुडघा बोलतो, सकाळी अंग जड असतं, दुपारी तीनला डोळे मिटतात. बस.

घरात मात्र रिपोर्ट पोचल्यापासून प्रत्येकाला वैद्य व्हायचंय. आई रात्री हळदीचं दूध घेऊन दारात उभी. बायकोने मोबाईलवर काहीतरी वाचून हळदीच्या गोळ्या मागवल्या, बाटलीवर लिहिलंय 'मिऱ्याच्या अर्कासह'. आणि देवासची मावशी स्वतः बसने येऊन तिच्या खास पुड्या देऊन गेली. वर्तमानपत्राच्या चौकोनी घड्या, आत राखेच्या रंगाचं चूर्ण, सुंठ-ओव्याचा वास. तिला कुणी बाबा देतात, 'शुद्ध जडीबुटी'. ती दीड वर्षापासून घेतेय आणि तिचे गुडघे दुखायचे खरंच थांबलेत. मी पाच दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी ऑफिसचे तीन मजले न थांबता चढलो! भूक अशी की रात्री साडेअकराला गाडी काढून सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो आणि भुट्टे का कीस, वर खोपरा पॅटिस, वर रबडी. बायको म्हणाली, इतकं झटपट जडीबुटीचं औषध लागतं होय? तिच्या त्या एका वाक्याने पुडी बंद केलीय आणि इथे विचारतोय.

माझा दिवस सांगतो, म्हणजे कुणी उलटतपासणी नको. सकाळी पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला. दुपारी घरचा डबा, नंतर सुपारी. चारला कचोरी. रात्रीचं जेवण दहाला, आठवड्यातून दोनदा सराफा. दारू-सिगरेट नाही. पँट दहा वर्षांत ३४ वरून ४० वर आली. चेकअपच्या आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून पहाटे चारला घरी आलो होतो, घसाही धरला होता, पण रक्त द्यायला साडेआठला हजर झालो.

नैसर्गिक उपायांतलं नेमकं काय लागू पडतं? आणि पुडी पुन्हा सुरू करू का?

बडोद्याची माई

अरे बाळा, आईच्या हळदीच्या दुधाला नाही म्हणू नकोस, एवढं तरी पुण्य पदरात पडेल. आमच्याकडे रोजच्या जेवणात जवसाची चटणी असते, जवस भाजून कुटून. अख्खे दाणे खाल्लेस तर जसे गेले तसेच बाहेर, काही उपयोग नाही. आवळा आणि आलं आहेच. पण खरं सांगू? आमच्या ह्यांची शेव बंद केली, रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, तेव्हा त्यांचं पोट उतरलं. चटणी तर आधीची तीस वर्षं खातच होते ना! त्या पुडीचं मला काही कळत नाही, पण देणारा माणूस आत काय आहे ते सांगत नसेल तर मी तोंडात घालणार नाही.

लॅबवाले काका (इंदूर)

पोहेवाले, पुडी सुरू करू नका. आधी तेवढं वाचा, बाकीचं नंतर निवांत वाचा.

मी चौतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. डॉक्टर नाही, टेक्निशियन. तेव्हा औषध सांगणार नाही, पण हे दोन आकडे माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलेत की त्यांचा स्वभाव सांगू शकतो.

आमच्या वेळी सीआरपी म्हणजे काळ्या काचेवरचा खेळ. सीरमचा एक थेंब, त्यात दुधासारख्या लॅटेक्सचा एक थेंब, काडीने कालवायचं आणि काच दोन मिनिटं हातात डोलवायची. दुधाचे रव्यासारखे कण झाले तर पॉझिटिव्ह, तसंच गुळगुळीत राहिलं तर निगेटिव्ह. तो लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपास दिसायला लागायचा, त्याच्या खालचं सगळं आमच्या लेखी शून्य. आता मशीन दशांशात सांगतं. हृदयाच्या जोखमीसाठी एकच्या खाली चांगलं, एक ते तीन मधलं, तीनच्या वर जास्त, असे टप्पे २००३ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्थांनी मिळून ठरवले. तुमचं पॅकेज त्यावरच लाल बाण छापतं.

पण सीआरपी हा भोंगा आहे. कुठे आग लागलीय ते तो सांगत नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला चिकटतो, म्हणून नावात सी. यकृत तो तयार करतं आणि घसा धरला तरी भराभर करतं. तुम्ही रात्रभर झांक्यांच्या गर्दीत जागलात, घसा धरलेला, आणि साडेआठला हात पुढे केलात. अहो, त्या ६.८ मध्ये झांक्या किती आणि तुम्ही किती, हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का? तब्येत पूर्ण बरी असताना, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. आमच्याकडे गणपती उतरले की असे रिपोर्ट ढिगाने यायचे.

ईएसआर तर त्याहून म्हातारा. वेस्टरग्रेनच्या उभ्या काचनळीत सायट्रेट घातलेलं रक्त ० च्या खुणेपर्यंत ओढायचं आणि तासभर हलवायचं नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतींसारख्या होतात आणि जड होऊन खाली बसतात, वर पिवळं पाणी सुटतं. ते किती मिलिमीटर सुटलं तो ईएसआर. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं म्हणून चळती लवकर होतात. पण रक्त कमी असलं तरी नळी तशीच खाली उतरते, आणि वयानेही. पुरुषांसाठी ढोबळ हिशेब वयाच्या निम्मा, म्हणजे तुमचा पंचविसापर्यंत चालला असता. ३४ म्हणजे थोडा वर. हिमोग्लोबिन किती आहे ते बघून सांगा.

आता पुडी. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, अशीच पुडी मिळाली होती. तीसुद्धा सुंठ-ओव्याच्याच वासाची, म्हणून तुमचं वाचताना अंगावर काटा आला. चौथ्या दिवशी ती जोग्यासारखी मांडी घालून पूजेला बसली. आम्ही सगळे त्या माणसाच्या पायाशी. पुढे तिचा चेहरा गोल झाला, आम्ही म्हटलं तब्येत सुधारली. हातावरची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ, बांगडी लागली तरी काळंनिळं. आठ महिन्यांनी साखर ३१० निघाली. घाबरून घरच्यांनी पुडी एका दिवसात बंद केली आणि पाचव्या दिवशी उलट्या, रक्तदाब ८०, शुद्ध हरपली. दवाखान्यात सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, काढलं तर जवळपास नाहीच. पुडीत काय होतं ते कोणी तपासलं नाही, पण मोठ्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं: बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं काम विसरतात. अक्का वाचली. दोन वर्षांनी नुसत्या खोकल्याने मणका दबला.

तुम्ही पाच दिवसच घेतलीत, तेवढ्याने काही बिघडणार नाही. एक पुडी जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण मावशी दीड वर्ष घेताहेत, आणि मला झोप येऊ देत नाहीये ती तुमच्या लिहिण्यातली ती ओळ. त्यांना "आजपासून बंद कर" असं फोनवर सांगू नका! आधी डॉक्टर, मग हळूहळू. चेहरा गोल झालाय का? साखर कधी बघितलीय?

हळदीचा हिशेब करून टाकू. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद, त्यात पंचेचाळीस मिलिग्रॅम. दाहावरच्या प्रयोगांत लोकांना दिवसाला पाचशे-हजार मिलिग्रॅम दिलेलं असतं, आणि तेही आतड्यातून फारसं रक्तात उतरत नाही. मिरं त्यासाठीच घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये दाखवलं होतं की मिऱ्यातल्या पायपेरीनने कर्क्युमिनचं रक्तात उतरणं वीसपट वाढतं. ऐकायला छान, पण अशा गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला सूज आलेली आहे. दूध प्या, गोळ्यांची बाटली परत करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता हळदीच्या गोळ्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका.

मग लागू काय पडतं? तुमच्या पँटचा नंबर. ४० इंच म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर, आणि आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोक्याचं मानतात. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी स्वस्थ पडून राहत नाही. ती सायटोकाइन नावाची दाहाची रसायनं सोडते, ते यकृताला जाऊन सांगतात आणि यकृत सीआरपी करत बसतं. बाहेर सूज दिसत नाही ती यामुळे. कंबर दोन-तीन इंच उतरली की हा आकडा जितका खाली येतो, तितका कुठल्या चूर्णाने खाली आलेला मी पाहिला नाही. झोपही त्यातलीच. सराफा रात्री एकला सोडणारा माणूस सकाळी सातला पोह्यासमोर बसतो, म्हणजे झोपला किती?

आणि एक प्रश्न, हसू नका. ब्रश केल्यावर थुंकी लाल येते का?

लष्करकर (ग्वाल्हेर)

काकांचं वाचून राहवलं नाही. दादा, सकाळी बोटं आखडतात का? दोन्ही हातांची, तासभर? मूठ वळत नाही, गॅसचं बटण फिरत नाही? असं असेल तर तीन महिने थांबू नका, हाडांच्या नव्हे, ऱ्हुमॅटॉलॉजीच्या डॉक्टरकडे जा.

मला छत्तिसाव्या वर्षी हे, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा आमवात, झालं. एका 'नैसर्गिक' शिबिरात मला सांगितलं की गहू, टोमॅटो, वांगं आणि दूध सोड, आतडं स्वच्छ झालं की सांधे आपोआप सुटतील. मी वर्षभर सोडलं. अकरा किलो उतरले, लोक म्हणाले काय छान दिसतेस. एक्स-रेमध्ये बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडलेल्या निघाल्या, त्या परत भरत नाहीत. आता नऊ वर्षं त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी घेते. आठवड्यातून एकच दिवस, कॅलेंडरवर लाल गोल करून, कारण ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. चालते, हळद खाते, जवसही खाते. सगळं औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. त्या शिबिरवाल्यांवरचा राग अजून गेला नाही, तेव्हा माझं बोलणं थोडं तिखट मानून घ्या.

पोहेजिलेबी (इंदूर)

काका, थुंकी लाल येते. निदान पाच वर्षं येतेय. मला वाटायचं ब्रश कडक आहे.

ताई, बोटं ठीक आहेत, एकच गुडघा. हिमोग्लोबिन १२.१, काका. मावशीला फोन नाही केला, मावसभावाला केला. तो म्हणाला हो रे, तोंड चंद्रासारखं झालंय, आम्हाला वाटलं औषध मानवलं.

लॅबवाले काका (इंदूर)

१२.१ पुरुषाला कमीच. ईएसआरमधला थोडा वाटा तिथे जमा करा आणि रक्त का कमी आहे ते डॉक्टरांना शोधायला लावा, आपणहून लोहाच्या गोळ्या गिळू नका. हिरड्या दाखवून घ्या. हिरड्यांतला जुना पू म्हणजे चोवीस तास पेटलेली शेगडी, आणि सुपारी तिला घासत बसते. मावशींना उद्याच. पुड्या सोबत घेऊन.

पोहेजिलेबी (इंदूर), तीन महिन्यांनी

विसरलो नव्हतो, हातात सांगण्यासारखं काही येईपर्यंत थांबलो होतो.

घसा बरा झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा केलेली एचएस-सीआरपी ४.१. म्हणजे झांक्यांचा वाटा खरंच होता काका. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालत आकडे मोठ्याने वाचले आणि मदतनीस मुलगी लिहीत गेली: तीन, चार, सहा, सहा, सात. तीनपर्यंत ठीक म्हणे. माझ्या मागच्या दाढांशी सात मिलिमीटर खोल खिसे आणि आत दगडासारखा थर. भूल देऊन चार बैठकांत खरवडलं. तो आवाज अजून कानात आहे, तव्यावर उलथनं घासावं तसा. सुपारी त्याच दिवशी सुटली, सोडावी लागली, कारण तोंडच उघडत नव्हतं.

बाकी काही थोर केलं नाही. सकाळी दसरा मैदानाला फेऱ्या, आधी तीन, आता आठ. जेवण आठच्या आत. पोहे सोडले नाहीत आणि सोडणारही नाही, पण वर शेवेऐवजी फुटाणे आणि मटार, जीरावन तसंच. चारची कचोरी मात्र जड गेली. तिच्या जागी चणे-दाणे घेऊन बसायचो तेव्हा ऑफिसातली पोरं म्हणायची, "भिया, तबियत तो ठीक है?" डब्यात आई ज्वारीची भाकरी देते आणि रोज आठवण करून देते की तिचं हळदीचं दूधच लागू पडलं. मी हो म्हणतो. रक्त कमी असण्याचं कारण मूळव्याध निघालं, त्याचे उपचार चालू आहेत.

वजन ८८ वरून ८३, कंबर १०४ वरून ९८. (टेपने मोजल्यावर कळलं की पँटवाला आपल्याला दोन सेंटिमीटर खूश ठेवत होता.) परवाची सीआरपी २.३, ईएसआर २२. आणि गुडघा? गुडघा जिना उतरताना अजून बोलतो. डॉक्टर म्हणाले ती झीज आहे, मांडीचे स्नायू बळकट करा. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पुडी घेतली त्याचा या आकड्याशी फारसा संबंधच नव्हता.

थंडी पडलीय आणि सराफ्यात गराडू (तळलेला कंद) आलेत. गेल्या शनिवारी नऊ वाजता, रात्रीचे साडेअकरा नव्हे, एक प्लेट दोघांत खाल्ली. यावर काका ओरडणार असतील तर ओरडोत.

मावशीचं सांगायचं राहिलं. मावसभाऊ तिला पुड्यांसकट इथल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला. साखर २६४, कॉर्टिसॉल तळाला. डॉक्टरांनी पुडी बंद करून मोजकी स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, ती दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची. गुडघे पुन्हा दुखायला लागलेत. आणि हे सगळं माझ्यामुळे झालं असं तिचं म्हणणं आहे. माझा फोन उचलत नाही.

लॅबवाले काका (इंदूर)

गराडू माफ. मला २.३ पेक्षा ९८ जास्त आवडला, ९० ला पोचलात की जिलेबी माझ्याकडून.

मावशींचा राग राहू दे. गोळी कमी करताना मधला एक टप्पा असा येतो की माणूस सकाळी उठूच शकत नाही आणि कंटाळून औषध फेकून देतो. अक्काने फेकलं होतं. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर डोस वाढवावा लागतो, त्यासाठी कुठे फोन करायचा ते डॉक्टरांकडून लिहून घेतलंय का? आणि रोज गोळी देतंय कोण?

पोहेजिलेबी (इंदूर)

मावसभावाची बायको देते. रोज सकाळी आठला, चहाबरोबर, आणि मावशी गिळेपर्यंत समोर उभी राहते. फोन नंबर लिहून घेतलेला नव्हता. आजच घेतो.